लवूने काढलेली एक्केचाळीस झाडं

लवू घाडीगावकर मठ्ठ आहे. हे कोणी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तो स्वतःच चारचौघांत सांगतो, आणि गंमत अशी की ते कोणाला पटत नाही. लोक म्हणतात, काय हा विनय! लवू कपाळाला हात लावतो. विनय कसला डोंबलाचा, म्हणतो, मला खरंच कळलं नव्हतं.

तर काय कळलं नव्हतं, ते सांगायला हवं.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी 'गंमतगाव' नावाचं एक पार्क आहे. आकाशपाळणा, कपबश्यांचा पाळणा, पेंगत चालणारी झुकझुक गाडी आणि एक भूतबंगला, ज्यातलं भूत गेली कित्येक वर्षं फक्त मान हलवतं. पण झाडी मात्र अशी की नाव घ्यावं. डोंगराचा उतार, मधून वाहणारा ओहोळ, उंबर, करंज, जांभळं, सातवीण. ही झाडी राखणारा माणूस म्हणजे लवू, पार्कचा हेडमाळी. या गोष्टीच्या वेळी वय सत्तावन्न, राहायला भांडुप, मूळ गाव मालवणकडे. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा बापानं पोराला सांगितलं की मशिनचा भरवसा धरू नकोस, मातीचं काम बघ. लवूनं मातीचं काम धरलं आणि तीस वर्षं एकाच जागी काढली, कारण दुसरीकडे कोणी बोलावलंच नाही. हेही तोच सांगतो.

खरं तर त्याला व्हायचं होतं चित्रकार. परळच्या शाळेत असताना तो एलिमेंटरीच्या परीक्षेला बसला आणि त्याला सी ग्रेड मिळाली. पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला बसला आणि आपटला. आपटला तो स्मरणचित्रात. विषय होता 'जत्रा'. बाकीच्या पोरांनी माणसं काढली, फुगेवाला काढला, पाळणे काढले. लवूनं गावच्या देवळामागचा वड काढला, त्याच्या पारंब्या काढता काढता घंटा झाली, आणि जत्रेला एकही माणूस आला नाही. चित्रकलेचे शरच्चंद्र सर भले गृहस्थ. ते त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "लवू, डोळ्यासमोर असेल तेवढंच तू काढत जा. आठवणीतलं काढायला जाऊ नकोस, तिथं तुझा हात तुला फसवतो." लवूनं मान डोलवली. सरांचं हे एक वाक्य त्यानं नीट ऐकलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

दोन वर्षांपूर्वी पार्कचा कारभार म्हाताऱ्या शेठकडून त्यांच्या मुलाकडे, धवलशेठकडे आला. धवल मुलुंडचाच, गुजराती, पण मराठी फडफडा बोलणारा, मनानं वाईट नाही, फक्त घाईचा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पनवेलपलीकडे मोठमोठी पार्कं झाली, पोरं तिकडे पळतात, इथं येतात ती डबे घेऊन झाडाखाली बसायला. कपबश्यांवर पार्क किती दिवस चालणार? म्हणून त्यानं परदेशी कंपनीचं रोलर कोस्टर आणायचं ठरवलं. डोंगरातून अधूनमधून खाली उतरणाऱ्या पाहुण्याच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं 'बिबट्या'. उतारावर वरून खाली ते झेप घेणार, वळणार, ओहोळावरून जाणार. आणि ते जिथून जाणार, तिथं नेमकी लवूची झाडी.

कोस्टर आणि झाडी यांचा मेळ बसवायला विलेपार्ल्याच्या रेवती नावाच्या बाई नेमलेल्या होत्या. बागा आणि मोकळ्या जागा आखणं हा त्यांचा धंदा. त्या एकदा येऊन गेल्या, लवूबरोबर उतारभर फिरल्या आणि जाता जाता म्हणाल्या की मला इथलं प्रत्येक झाड कागदावर हवं. लवूनं हे लक्षात ठेवलं. नको ते नेमकं लक्षात राहतं त्याच्या.

पुढच्याच सोमवारी धवलशेठचा मोबाइलवर मेसेज आला. "लवूभाऊ, बिबट्याच्या वाटेतली ४१ झाडं शुक्रवारपर्यंत काढून ठेवा. शनिवारी मॅडम आणि इंजिनीअर येणार. माणसं लागली तर घ्या. नंबरांची यादी ऑफिसात आहे."

आता कोणीही शहाणा माणूस हे वाचून काय समजेल? झाडं काढा म्हणजे तोडा. त्याची रीतसर परवानगीही आली होती, पण ती ऑफिसातल्या कपाटात, लवूला कोण दाखवणार? लवूनं मेसेज दोनदा वाचला. चाळीस वर्षांनी कोणीतरी त्याला चित्र काढायला सांगितलं होतं. तेही एक नाही, एक्केचाळीस. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं त्याला. संध्याकाळी तो मुलुंड स्टेशनजवळच्या दुकानातून ड्रॉइंगचे मोठे कागद, सहा पेन्सिली आणि एक खोडरबर घेऊन घरी गेला. बायकोनं, मालननं, ते सामान पाहिलं आणि विचारलं, "आता म्हातारपणी परीक्षेक बसतल्यात की काय?" लवूनं तिला मेसेज वाचून दाखवला. तिला तो जरा चमत्कारिक वाटला, पण शेठ लोकांचं काय सांगावं, म्हणून ती भाकरी थापायला गेली.

मंगळवारपासून लवू कामाला लागला. माणसं लागली तर घ्या असं लिहिलं होतं, म्हणून त्यानं दोन गडी घेतले. एक झाडाशेजारी बांबू धरून उभा राहायचा, बांबूवर फुटाफुटाला रंगाची खूण. दुसरा टेप धरायचा. लवू समोर स्टुलावर बसून काढायचा. कुठली फांदी किती फुटांवर फुटते, कुठे झुकते, वाऱ्यात कुठल्या बाजूला हलते, हे सगळं तो कडेला लिहायचा. तीस वर्षं छाटणी केलेली, त्यामुळे फांदी न् फांदी ओळखीची.

बुधवारी धवलशेठचा फोन आला. काम कुठवर आलं? लवूनं सांगितलं की एकवीस काढली, मोठी राहिलीत, त्यांना वेळ लागतो. शेठ म्हणाले, झकास, पण अर्धवट नको हं, मुळापासून काढा. लवू म्हणाला, मुळंपण काढतोय शेठ, दिसतात तेवढी. शेठनी विचारलं, फार त्रास होतोय का? लवू म्हणाला, उंबरानं जीव काढला, हात भरून आला, पण झाला. शेठ खूश, लवू खूश. एवढं सरळ बोलणं दोन माणसांत क्वचितच झालं असेल, आणि त्यातलं एक अक्षर एकमेकांना कळलं नव्हतं.

यादीत सत्तावीस नंबरची उंडी होती. लवूला त्याचा वेगळाच आनंद झाला. उंडी हे समुद्रकाठचं झाड, जाड चकचकीत पानांचं. लवूच्या आईच्या लहानपणी गावाकडे तिच्या बियांच्या तेलावर दिवे जळायचे. लग्नाच्या वर्षी मालन गावाहून येताना लुगड्याच्या गाठीत दोन बिया घेऊन आली होती. नवऱ्याची नोकरी बघायला म्हणून ती पार्कात आली, तेव्हा तिनंच त्या मातीत खोचल्या. एक कुजली, एक उगवली. पोर वाढावं तसं लवूनं ते झाड वाढवलं, आणि त्यांना दुसरं पोर झालंही नाही. आता त्या झाडाचा कागदावर नंबर लागला होता.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चाळीस झाडं झाली. अंधार पडायला लागला, गडी घरी गेले, उंडी राहिली. लवूनं विचार केला, तिच्यासाठी बांबू कशाला हवा? ती आपल्याला तोंडपाठ आहे. घरी येऊन जेवणाआधी त्यानं ती बसल्या बैठकीला काढली. एक्केचाळीस चित्रांत तेच सगळ्यात देखणं उतरलं. मालनसुद्धा बघत राहिली.

शनिवारी लवू इस्त्रीचा शर्ट घालून चित्रांची गुंडाळी काखोटीला मारून उतारावर उभा राहिला. धवलशेठ आले, मागून रेवतीबाई, मागून इंजिनीअर. शेठनी उताराकडे पाहिलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस झाडं पानं हलवत उभी.

"लवूभाऊ, झाडं काढली ना?"

"काढली शेठ," लवू म्हणाला आणि गुंडाळी पुढे केली. "सगळी. ही घ्या."

शेठनी पहिला कागद उलगडला. दुसरा उलगडला. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. रेवतीबाई पहिल्यांदा हसल्या, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावून हसल्या. शेठ म्हणाले, यार लवूभाऊ, तोडायची होती, परवानगी आलीय, सोमवारी पाया खणायला मशिन येतंय, माझी वाट लावली तुम्ही. तेव्हा कुठे लवूच्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडल्यावर पहिलं काय आठवलं असेल, तर सत्तावीस नंबर. म्हणजे सोमवारी उंडी जाणार. तो तिथंच स्टुलावर बसला. त्याला नोकरीची भीती वाटलीच नाही, एवढंही सुचलं नाही त्याला.

पण रेवतीबाईंचं हसू थांबलं होतं. त्या बाकावर बसून एकेक कागद बघत होत्या आणि इंजिनीअरला दाखवत होत्या. त्यांच्याकडच्या नकाशात झाड म्हणजे नुसता एक गोल ठिपका होता. इथं फांद्या फुटांत मांडलेल्या होत्या. जांभळाच्या खालून अठरा फूट मोकळे, दोन करंजांच्या मधून गाडी जाईल एवढी फट, उंबराची फांदी वाऱ्यात पलीकडे झुकते, अलीकडे नाही. बाई म्हणाल्या, रूळ थोडे वळवले तर यातली बहुतेक झाडं वाचतात. शेठ कुठले ऐकायला! मला कोस्टर हवंय, बाग नको, म्हणाले.

मग बाईंनी एक युक्ती केली. शेठना झुकझुक गाडीत बसवलं आणि गाडी सातविणींच्या खालून न्यायला सांगितली. एवढी म्हातारी गाडी, चालत्या माणसानं मागे टाकावी अशी. तरी फांदी समोर येताच धवलशेठनी पटकन मान खाली घातली. फांदी डोक्यावर चांगली चार फूट होती. गाडीतून उतरले तेव्हा ते स्वतःशीच हसत होते. बाई म्हणाल्या, उघड्या उतारावर बिबट्या नुसता धावेल. झाडीतून गेला तर माणूस किंचाळेल. बिबट्या कधी मैदानात बघितलाय का कोणी?

धंद्याचं गणित शेठना चटकन कळतं. सोमवारचं मशिन थांबलं, आराखडा बदलला. सात झाडं जाणार होती, त्यातली पाच सुबाभळी, ज्यांचं लवूलाही सोयरसुतक नव्हतं. उंडी वाचली.

आणि इथून लवूचे खरे हाल सुरू झाले. बातमी भांडुपभर पसरली की घाडीगावकरानं शेठला बनवलं. तोडायला सांगितली तर मुद्दाम चित्रं काढून दिली, काय डोकं! वाडीतल्या मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. बॅनरवर 'वृक्षमित्र' लिहिलं आणि लवूचा फोटो असा छापला की पाठीमागे हिमालय. लवू भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला की मंडळी, खरं सांगतो, मला मेसेजचा अर्थच कळला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष म्हणाले की मोठी माणसं अशीच बोलतात. मालन मागच्या रांगेत पदरात तोंड खुपसून हसत होती.

लवू म्हणतो, इथपर्यंत मी फक्त मठ्ठ होतो. त्या शालीनंतर मी शहाणा झालो, आणि तिथं घात झाला. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि हा तीस वर्षांचा माळी, याला हरभऱ्याला झाड नसतं हे माहीत असून चढला. शर्टाच्या खिशाला पेन्सिल लावून फिरायला लागला. गडी फांदी छाटायला लागले की हा दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटायचा.

शेवटचा आराखडा परदेशी पाठवायच्या आधी रेवतीबाई पुन्हा आल्या. त्यांनी चित्रांतल्या चार-पाच झाडांची मापं टेपनं ताडून पाहिली, सगळी बिनचूक. मग त्यांनी उंडीचा कागद काढला.

"लवूकाका, बाकी सगळ्या झाडांशेजारी बांबू धरलेला माणूस आहे. सत्तावीसशेजारी नाही. हे मोजून काढलंय ना?"

"मॅडम," लवू म्हणाला, "ते झाड मला तोंडपाठ आहे."

बाईंना घाई होती आणि समोर वृक्षमित्र उभा होता. त्यांनी कागद ठेवून दिला.

आठ महिन्यांनी बिबट्याचे लोखंडी तुकडे कंटेनरमधून आले. एकेक तुकडा मापावर ओतलेला, एकमेकांना जोडायचा फक्त. खांब उभे राहिले, रूळ वरून खाली येत गेले, जांभळाखालून गेले, करंजांच्या फटीतून सुईत दोरा ओवावा तसे गेले. सगळे लवूच्या पाठीवर थाप मारत होते. मग रूळ उंडीपाशी आले आणि थांबले. पुढचा तुकडा थेट तिच्या खोडातून जात होता.

लवू धावत आला. कागद आणला, झाडासमोर धरला. कागदावरच्या उंडीची मोठी फांदी डावीकडे पसरली होती आणि उजवीकडे मोकळं आकाश होतं. समोरच्या उंडीला डावीकडे काही नव्हतं. खोडासकट सगळा डोलारा उजवीकडे कललेला. चौदा वर्षांपूर्वीच्या वादळात तिची डावी फांदी मोडली होती आणि तेव्हापासून झाड दुसऱ्या अंगाला वाढत गेलं होतं. लवूनं त्या फांदीच्या जखमेला स्वतःच्या हातानं डांबर फासलं होतं. गेली चौदा वर्षं रोज तिच्यासमोरून गेला, आणि काढायची वेळ आली तेव्हा त्याच्या हातानं काढलं ते झाड तरुणपणीचं. ते वादळाआधीचं झाड होतं, मालन ज्याच्या डाव्या फांदीखाली डबा उघडायची. बिबट्या डावीकडून नेला असता तर पानही हाललं नसतं.

रेवतीबाईंनी खूप धडपड केली. छाटून भागेल का पाहिलं, पण खोडच आडवं येत होतं. उपटून दुसरीकडे लावता येईल का पाहिलं, पण मुळं कातळात शिरलेली. लोखंड पुन्हा ओतून आणायचं तर वर्ष जाणार. धवलशेठ या वेळी ओरडले नाहीत. लवूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की लवूभाऊ, तुम्ही सांगाल त्या दिवशी करू, आणि माणसं बाहेरची आणू. लवूनं बाहेरची माणसं नको म्हटलं.

घरी मालनला सांगताना तो रडला. चांगला हुंदके देऊन रडला, सत्तावन्नाव्या वर्षी. म्हणाला, फांदी मोडलीय हे मी विसरलो कसा? मालननं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "ती खांदी मोडली तेव्हा तुमी दोन दिवस धड जेवूक नाय." तिनं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं लवू म्हणतो.

त्यानं ती स्वतः काढली. आधी पानांच्या फांद्या, मग मोठ्या, मग खोड, दोरानं बांधून सावकाश, खालच्या रोपांना धक्का न लावता. मालन येऊन बसली होती. तिनं खाली पडलेल्या बिया ओटीत गोळा केल्या आणि घरी नेल्या. गॅलरीतल्या डब्यात त्यातल्या तीन रुजल्यात. पण उंडी सावकाश वाढते, आणि लवूला आता हिशेब करवत नाही की मोठी होईल तेव्हा आपण कुठे असू.

बिबट्या मात्र तुफान चालला. लोक किंचाळतात, माना खाली घालतात, फांद्या डोक्यावर चार फूट असतात. लवू निवृत्त झाला तरी शेठनी त्याला ठेवून घेतलंय. रांगेच्या मंडपात त्याची एक्केचाळीस चित्रं काचेत लावलीत आणि तो तिथं खुर्ची टाकून बसतो. रांग सरकत नाही तोवर लोक चित्रांवर बोट ठेवून समोरच्या झाडीत झाडं हुडकतात. जी सात गेली, त्यांच्या चित्रांखाली तसं लिहिलंय. सत्तावीसखाली काही लिहिलेलं नाही. शेठ लिहू या म्हणाले होते, लवूनंच उद्या उद्या करून टाळलं.

परवा घाटकोपरची एक बाई मुलीला घेऊन रांगेत होती. दोघींनी सगळी झाडं जुळवली, एक अडलं. बाईनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, चवड्यांवर उभी राहून पाहिलं.

"काका, हे सत्तावीस नंबरचं झाड कुठे दिसत नाही," ती म्हणाली. "कोणी काढलंय हे?"

"मीच," लवू म्हणाला. "मीच काढलं."

बाईनं पुन्हा एकदा काचेजवळ जाऊन चित्र बघितलं.

"फार सुंदर काढलंय हो," ती म्हणाली.

लवूनं थँक्यू म्हटलं. रांग पुढे सरकली.